घरटं टांगलं, पण खायला काय?

२०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो. तो आला की आमच्या सोसायटीत लाकडी घरट्यांची टूम निघते. रंगवलेली, समोर दांडीवाली. अहो, चिमणीला दांडी लागतच नाही, ती सरळ भोकात शिरते. दांडीचा फायदा कावळ्याला! भोक ३२ मिमी पुरे. (बुलबुलची वाट बघू नका, तो डब्यात येत नाही. त्याला कुंडीतलं झुडूपच हवं.)

पण खरी गोम वेगळीच. चिमणी स्वतः दाणे खाते, पिल्लांना मात्र अळ्या-किडे भरवते. आणि आपण? वर बाल्कनीत घरटं, खाली बागेत दर महिन्याला औषधफवारणी. म्हणजे फ्लॅट दिला आणि रेशन बंद केलं! त्यापेक्षा कमिटीशी भांडा आणि फवारणी थांबवा. घरटं काय, बुटाच्या खोक्याचंही चालतं.