सुताराच्या हाती नकाशा

इमारतीचे काम कोणाला मिळणार हे कंत्राटदार ठरवतो, अशी आपल्या कारागीर बांधवांची समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. कंत्राटदार येण्याच्या कितीतरी आधी ही गोष्ट कागदावर ठरून गेलेली असते. आर्किटेक्टने नकाशात सागवानी चौकट दाखवली तर सुताराला काम मिळते. कारखान्यातून तयार येणारी खिडकी दाखवली तर सुताराने त्या इमारतीत पाऊल ठेवण्याचे कारणच उरत नाही. घडीव दगड दाखवला तर पाथरवटाच्या घरी मजुरी जाते. काचेचा दर्शनी भाग दाखवला तर तोच पैसा दूरच्या कारखानदाराकडे जातो. म्हणजे आपल्या रोजीचा फैसला ज्या टेबलावर होतो, तिथे बहुधा आपला माणूस बसलेलाच नसतो. मग दर पाडून मागितला म्हणून मुकादमाशी भांडण्यात काय हशील?

हे टेबल कारागिराच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे मानून आपण गप्प बसतो. ते तसे नाही, याचा एक मोठा दाखला पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशात आहे. आमच्या प्रत्येक सुतार, गवंडी, फॅब्रिकेटर आणि कुंभार बांधवाने तो ऐकावा, म्हणून हा लेखप्रपंच.

सुतारकामातून वास्तुकलेकडे

दिएबेदो फ्रान्सिस केरे यांचा जन्म १९६५ साली गांदो नावाच्या खेड्यात झाला. गावात वीज नाही, पिण्याचे स्वच्छ पाणी नाही आणि शाळाही नाही. वडील गावचे प्रमुख. त्यांनी सात वर्षांच्या या मुलाला शिकण्यासाठी तेंकोदोगो या गावी पाठवले. तिथल्या वर्गात शंभराहून जास्त मुले कोंबलेली, उजेड कमी आणि उकाडा असह्य. १९८५ मध्ये त्यांना जर्मनीला जाण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली. ही शिष्यवृत्ती डॉक्टरकीची नव्हती, इंजिनिअरिंगचीही नव्हती. ती सुतारकाम शिकण्याची होती. दिवसा छपरे आणि फर्निचर बनवायला शिकायचे व रात्रशाळेत माध्यमिक शिक्षण पुरे करायचे, असा त्यांचा क्रम होता. पुढे १९९५ मध्ये, वयाच्या तिशीत, बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात वास्तुकलेच्या अभ्यासक्रमाला त्यांना प्रवेश मिळाला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्यांनी रंधा टाकून पेन्सिल धरली नाही. रंधा धरलेल्या हातानेच पेन्सिल धरली. लाकूड कुठे चिरते, सांधा कुठे सुटतो, कामगाराला कोणते काम उंचावर जमेल आणि कोणते जमणार नाही, हे वर्गात बसण्यापूर्वीच त्यांना ठाऊक होते. त्याचा परिणाम त्यांच्या पहिल्याच इमारतीत दिसतो.

विद्यार्थीदशेतील शाळा

वास्तुकलेचे विद्यार्थी वर्षानुवर्षे कागदावर वस्तुसंग्रहालये आणि विमानतळ बांधतात. परीक्षा झाली की ते कागद माळ्यावर जातात. केरे यांनी विद्यार्थी असतानाच आपल्या गावासाठी प्राथमिक शाळा बांधायची ठरवली. १९९८ मध्ये त्यासाठी संस्था स्थापन केली, सोबतच्या विद्यार्थ्यांकडून आणि ओळखीच्या लोकांकडून निधी जमवला आणि २००१ मध्ये गांदोची शाळा उभी राहिली. तेव्हा त्यांच्या हाती पदवी नव्हती. पदवी मिळाली २००४ मध्ये, आणि त्याच वर्षी या शाळेला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला.

शाळेत एका ओळीत तीन वर्ग आहेत आणि वर्गांच्या मध्ये छपराखालच्या मोकळ्या जागा आहेत. भिंती मातीच्या विटांच्या आहेत. जागेवरच्या मातीत थोडे सिमेंट मिसळून, हाताने चालणाऱ्या यंत्रात दाबून या विटा तयार केल्या. भट्टी नको आणि शहरातून विटा आणण्याचा वाहतूक खर्चही नको. वर्गावरचे छतही मातीच्या विटांचेच आहे, पण त्यात फटी ठेवल्या आहेत. त्या छतापासून बऱ्याच उंचीवर पत्र्याचे दुसरे छप्पर आहे. उन्हाने पत्रा तापतो, पण तो ताप वर्गात उतरत नाही. वर्गातली गरम हवा छतातल्या फटींतून वर जाते आणि दोन छतांमधून वाहणाऱ्या वाऱ्याबरोबर निघून जाते. पंखा नाही, वीज नाही, तरी मुले बसू शकतात. पत्रा भिंतीच्या बराच बाहेर काढलेला असल्यामुळे पावसाचा मारा मातीच्या भिंतीवर येत नाही.

आमच्या फॅब्रिकेटर बांधवांनी यापुढचा भाग मुद्दाम वाचावा. एवढे मोठे छप्पर पेलायचे तर जाड लोखंडाच्या कैच्या लागणार. त्या खेड्यापर्यंत आणायच्या कशा आणि क्रेनशिवाय चढवायच्या कशा? केरे यांनी बांधकामात वापरतात त्याच साध्या सळया घेतल्या, त्या जोडून हलक्या कैच्या तयार केल्या आणि माणसांच्या हातांनी वर चढवल्या. त्यासाठी गावच्या तरुणांना दोनच अवजारे शिकवावी लागली, हातकरवत आणि लहान वेल्डिंग मशीन. ज्याला कामगाराची ताकद आणि मर्यादा ठाऊक नाही, त्याने बहुधा येथे क्रेन मागवली असती, आणि क्रेन येत नाही म्हणून शाळाच राहून गेली असती.

गावाचा विरोध

गावाने या योजनेचे हसतमुखाने स्वागत केले, असे कोणी समजू नये. मुलगा जर्मनीत शिकून आला आणि मातीची शाळा बांधायची म्हणतो, हे गावकऱ्यांना पटेना. माती दर पावसाळ्यात वाहून जाते, पक्के बांधकाम म्हणजे सिमेंटचे, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे काही अडाणीपणाचे नव्हते. दर पावसाळ्यानंतर घरे लिंपणाऱ्या माणसांचा तो अनुभव होता.

केरे यांनी भाषणाने नव्हे, कामाने उत्तर दिले. नमुने तयार केले आणि ते लोकांच्या डोळ्यांदेखत तपासले. पुढे शाळेच्या विस्ताराच्या वेळी विटांची कमान बांधून माणसांना तिच्यावर चढवले, उड्या मारायला लावल्या, तेव्हा लोकांची खात्री पटली. मुलांनी पायासाठी दगड वाहिले, बायांनी पाणी आणले आणि पिढ्यानपिढ्यांच्या रीतीने माती चोपून जमीन तयार केली. ज्या गावाला आपल्या मातीची लाज वाटत होती, त्या गावाला आपल्या हुनराची किंमत कळली. गिऱ्हाईकाला पटवण्याची ही रीत प्रत्येक कारागिराने शिकण्यासारखी आहे. तोंडाने दहा वेळा सांगण्यापेक्षा एक नमुना करून दाखवावा.

शाळेनंतर काय झाले?

व्यापाराच्या पानावर हाच प्रश्न महत्त्वाचा. शाळा बांधून झाल्यावर कामगार घरी बसले का? नाही. शेजारच्या गावांनी गांदोचे पाहून आपापल्या शाळा बांधल्या. स्थानिक प्रशासनाने शिक्षक दिले, आणि गांदोत तयार झालेल्या तरुणांना सार्वजनिक बांधकामांवर त्याच पद्धतीच्या कामासाठी घेण्याचा प्रयत्न केला. २००४ मध्ये शिक्षकांची घरे झाली, २००५ मध्ये केरे यांनी बर्लिनला स्वतःचे कार्यालय काढले, २००८ मध्ये शाळेचा विस्तार झाला. १२० मुलांनी सुरू झालेली शाळा ७०० मुलांपर्यंत गेली.

या सुरुवातीच्या वर्षांतली त्यांची कामे पाहिली तर प्रत्येक कामात कोणत्या ना कोणत्या कारागिराला जागा ठेवलेली दिसते. गांदोच्या ग्रंथालयासाठी गावच्या बायांनी मातीचे घडे आणले. ते घडे कापून छतात बसवले आणि त्यांच्या तोंडांतून उजेड व हवा आत येईल अशी सोय केली. २००७ मध्ये दानो येथे माध्यमिक शाळा बांधली ती लॅटराइटच्या चिऱ्यांनी. आपल्या कोकणातला जांभा दगड तो हाच. आपल्याकडे चिऱ्याची भिंत म्हणजे गरिबीची खूण समजून तिच्यावर गिलावा फासण्याची हौस आहे. तिकडे तोच दगड उघडा ठेवून नावाजलेली इमारत झाली. २०१० मध्ये माली देशात बामाको येथील राष्ट्रीय उद्यानाच्या इमारती आणि मोप्ती येथे तिथल्या प्रसिद्ध मशिदीजवळ मातीच्या वास्तुकलेचे केंद्र, ही कामे त्यांच्याकडे आली. २०२२ मध्ये वास्तुकलेतला जगातला सर्वांत मोठा समजला जाणारा प्रित्झकर पुरस्कार त्यांना मिळाला. आफ्रिकी वास्तुकाराला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

आक्षेप आणि उत्तर

काही व्यवहारी वाचक म्हणतील की, शाळा देणग्यांवर बांधली, गावकऱ्यांनी श्रम दिले. धंद्यात असे कोण देतो? आक्षेप रास्त आहे. कारागिराला फुकट राबवून कोणी कारागिरीचे गोडवे गाऊ लागला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. परंतु गांदोचा लाभ त्या एका इमारतीत मोजायचा नाही. गावच्या तरुणांनी जी कला कमावली, तिच्या जोरावर त्यांना पुढे मजुरीची कामे मिळाली. पहिले काम म्हणजे धंद्यातले भांडवल असते. मात्र ते भांडवल कारागिराच्या हातात राहिले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, मातीच्या भिंती आपल्या पावसाला टिकायच्या नाहीत. हेही बरोबर. कोकणातल्या पावसात गांदोची नक्कल करणारा पस्तावेल. घेण्यासारखी आहे ती रीत. आधी जागा पाहायची, हवा पाहायची, गावात कोणता माल आहे आणि कोणाच्या हाती कोणती कला आहे ते पाहायचे आणि मग कागदावर रेघ ओढायची. आपल्याकडे याच्या उलट चालते. आधी मासिकातले चित्र दाखवतात, मग त्यासाठी माल बाहेरून येतो आणि मालापाठोपाठ माणसेही बाहेरून येतात.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट कारागीर कुटुंबांसाठी. मुलगा किंवा मुलगी अभ्यासात बरी असेल तर या धंद्यातून बाहेर पडण्यासाठी नव्हे, या धंद्यात वर चढण्यासाठी शिकवावी. वास्तुकलेची पदवी पाच वर्षांची आहे. तिच्यासाठी बारावीला गणित लागते. दहावीनंतर गणित विषयासह तीन वर्षांची पदविका केलेल्यांनाही दार उघडे आहे. प्रवेशासाठी नाटा नावाची अभिरुची परीक्षा असते. गणित सोडले की हे दार बंद होते, म्हणून आठवी-नववीपासूनच त्याकडे लक्ष द्यावे. खर्च मोठा आहे, यात शंका नाही. पण बारशापासून बारातीपर्यंतच्या समारंभांवर आपण जे उधळतो, त्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. सुट्टीत मुलांना कारखान्यात आणि साइटवर जरूर न्यावे. वर्गातल्या इतर मुलांजवळ जे नाही ते त्यांच्याजवळ तिथूनच येईल.

दुसरी गोष्ट पदवीधर तरुणांसाठी. बापाच्या रंध्याची लाज धरू नका. मुलाखतीला जाताना सोबत न्यायच्या फाइलीत काचेच्या मनोऱ्यांची चित्रे सगळ्यांचीच असतात. तुमच्या मोहल्ल्यातल्या अंधाऱ्या मदरशाच्या वर्गात किंवा तापलेल्या पत्र्याच्या कारखान्यात हवा-उजेड कसा आणावा, याचा मापासहित आणि खर्चासहित विचार त्या फाइलीत असेल, तर ती वेगळी ठरेल. विद्यार्थी असताना अशी कामे अनुभवी, नोंदणीकृत आर्किटेक्टच्या हाताखाली आणि त्याच्या सहीनेच करावीत. १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय कोणाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, आणि बांधकामातली चूक माणसांच्या जिवावर बेतते.

तिसरी गोष्ट व्यापारी बांधवांसाठी, आणि ती सर्वांत अवघड. नव्या पदवीधराला पहिले काम कोणी देत नाही, कारण त्याने आधी काम केलेले नसते. ही अडचण फक्त काम देणाराच सोडवू शकतो. दुकानाची मांडणी, गोदामाचे छप्पर, वर्कशॉपवरचा एक मजला अशी लहान कामे त्याला द्यावीत. त्याची फी ठरवून द्यावी. ‘घरचाच मुलगा आहे’ म्हणून चहावर बोळवण करू नये. आणि त्याला एक अट घालावी की, तुझ्या नकाशातली निम्मी तरी मजुरी आपल्या गावातल्या कारागिरांच्या हाती गेली पाहिजे. ही अट धर्मादाय नाही. जवळच्या माणसाने केलेले काम बिघडले तर दुरुस्तीला जवळचाच माणूस येतो, हे प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे.

गांदोच्या शाळेला मोठे भांडवल नव्हते. गावची माती, सळया, पत्रा, एक वेल्डिंग मशीन आणि कामगाराचे हात ओळखणारा एक विद्यार्थी, एवढीच तिची सामग्री होती. यातली शेवटची वस्तू सोडली तर बाकी सर्व आपल्या प्रत्येक तालुक्यात मिळते. येत्या जूनमध्ये किती कारागिरांची मुले गणित घेऊन अकरावीला बसतात, यावर ती शेवटची वस्तू आपल्याकडे तयार होणार की नाही हे ठरेल.