पंख बांधण्यापूर्वी



गेल्या महिन्यातली गोष्ट. शनिवारची संध्याकाळ होती. बाजारहाट उरकून आम्ही घरी परतलो, तर शेजारच्या वहिनी आमच्या दाराशी उभ्या. हातात नेहमीसारखा डबा नव्हता, चेहऱ्यावर नेहमीचं हसू नव्हतं. आत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही अंकात लिहिता, तुमचं तो ऐकेल. त्याला सांगा, हे पंखबिंख नको म्हणून!"

'तो' म्हणजे त्यांचा मोठा चिरंजीव. इथेच वाढला, इथेच शिकला, आता आपल्या सिलिकॉन ओएसिसमध्येच नोकरी करतो. तीन वर्षं झाली, सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून विमानातून उड्या मारायला जातो. सुरुवातीला वहिनींनी देव पाण्यात ठेवले होते, पण उड्यांचा आकडा शंभराच्या पुढे गेला तशी त्यांना सवय झाली. आता साहेबांनी जाहीर केलं होतं की दोनशे उड्या पुऱ्या झाल्या, पुढच्या महिन्यात विंगसूट घालणार.

वाचकहो, आम्हाला चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली वाकून बघवत नाही, आम्ही काय सल्ला देणार! पण वहिनींना नाही म्हणवेना. म्हणून आम्ही त्यालाच चहाला बोलावलं. दोन संध्याकाळी त्याने सांगितलं, आम्ही विचारलं, मग आम्हीही थोडं वाचलं. आपल्या मंडळातली पुष्कळ मुलं आता या छंदाकडे वळताहेत. तेव्हा जे समजलं ते आईबापांच्या आणि मुलांच्याही कानावर घालावं, म्हणून यंदाचं सदर यावर.

विंगसूट म्हणजे दोन हातांच्या बगलेत आणि दोन पायांच्या मध्ये कापडाचे पंख शिवलेला अंगभर पोशाख. पुढून हवा आत शिरली की ते पंख फुगतात आणि माणूस दगडासारखा खाली न पडता तिरका सरकत जातो. साध्या उडीत आपण ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने खाली येतो. विंगसूटमध्ये खाली येण्याचा वेग त्याच्या निम्म्यावर येतो, आणि पुढे जाण्याचा वेग वाढतो. एरवी मिनिटभरात संपणारी उडी दीड-दोन मिनिटं टिकते. मोह पडण्यासारखंच आहे हो!

या मोहाचा इतिहास मात्र रक्ताळलेला आहे. १९३७ साली क्लेम सोन नावाच्या अमेरिकन तरुणाने घरी शिवलेले पंख लावून पॅरिसजवळ उडी घेतली. पॅराशूट उघडलं नाही आणि हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत तो गेला. नव्वदच्या दशकात आजच्यासारखा विंगसूट घडवला तो पॅट्रिक द गेयार्दों या फ्रेंच माणसाने. तोही १९९८ च्या एप्रिलमध्ये हवाई बेटांवर मरण पावला. त्याने स्वतःच्या पॅराशूटच्या पिशवीत एक बदल केला होता आणि त्यात चूक राहून गेली होती. दुकानात मिळणारा विंगसूट आणि तो शिकवण्याची पद्धतशीर शिस्त १९९९ पासून आली. म्हणजे आज जे नियम आहेत, ते कुणीतरी जिवाचं मोल देऊन आपल्या हाती ठेवले आहेत.

आता ते नियम. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेचा नियम असा की अंगावर चालू परवाना आणि खात्यावर किमान २०० उड्या असल्याशिवाय विंगसूट घालायचा नाही. ज्या तळावर आपण उडतो तिथला नियम याहून कडक असेल तर तोच पाळायचा. आमचे चिरंजीव इथे खूश झाले, "काका, माझ्या २१४ आहेत!" आम्ही म्हटलं, "अरे, २०० हा उंबरठा आहे, घर पुढे आहे." त्या २०० पैकी किती उड्या गेल्या काही महिन्यांतल्या? वर्षभर घरी बसून अचानक पंख लावणं बरं नाही. आणि पहिलं उड्डाण मित्राबरोबर नव्हे, विंगसूट शिकवणाऱ्या कोचबरोबर, पहिल्या उड्डाणाचा कोर्स करूनच.

दुसरी गोष्ट पोशाखाची. पंख जितके मोठे तितकं उडणं लांब, पण सावरणं कठीण. नवशिक्याने लहान पंखांचा, शिकाऊ सूटच घ्यावा. चिरंजीवांचा बेत एका मित्राचा मोठा सूट उसना घ्यायचा होता. तो बेत तिथेच गुंडाळला. लग्नाला शेरवानी उसनी चालते, पंख चालत नाहीत.

तिसरी गोष्ट पॅराशूटची, आणि ही सगळ्यांच्या लक्षात येत नाही. विंगसूट घातलेल्या माणसाच्या पाठीमागे हवेचा एक निवांत खड्डा तयार होतो. मुख्य पॅराशूट ओढून बाहेर काढणारं जे छोटं छत्र असतं, त्याला पायलट शूट म्हणतात. ते या खड्ड्यात नुसतं घोटाळत राहू शकतं. म्हणून ते थोडं मोठं हवं, त्याची पट्टी लांब हवी, आणि ते जोरात बाजूला फेकायला हवं. मुख्य पॅराशूटही मोठं, सात कप्प्यांचं, गरीब स्वभावाचं असावं. चपळ छोटं पॅराशूट उघडताना जरा तिरकं झालं की दोऱ्यांना पीळ पडतो, आणि विंगसूटमध्ये अडकलेल्या हातांनी तो पीळ सोडवणं सोपं नसतं.

चौथी गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त लागली. हार्नेसचे पट्टे छातीवर आणि दोन मांड्यांभोवती बांधतात. विंगसूट घातला की मांड्यांचे पट्टे कापडाखाली झाकले जातात. बांधायचे राहिले तर बाहेरून कुणाला दिसत नाही, आणि पंख ताणलेले असल्यामुळे घालणाऱ्यालाही नेहमीसारखं जाणवत नाही. या एका विसरण्याने जगात अनुभवी माणसं गेली आहेत. पॅराशूट उघडलं आणि माणूस हार्नेसमधून निसटला. म्हणून चेन लावण्याआधी स्वतः हात लावून पाहायचं, दुसऱ्याला दाखवायचं, आणि विमानात दार उघडण्यापूर्वी पुन्हा एकदा चाचपायचं. त्याच वेळी छातीचा पट्टा, पायलट शूटची मूठ, मुख्य पॅराशूट सोडून देण्याची आणि राखीव उघडण्याची मूठ हाताला मोकळी लागते ना, तेही बघायचं. जमिनीवर पूर्ण सूट चढवून, चेन लावून या सगळ्या मुठी ओढण्याचा सराव वीस-पंचवीस वेळा करावा. सूट घातल्यावर हात डोक्याच्या वर जात नाहीत, हे हवेत गेल्यावर कळून उपयोग नाही.

पाचवी गोष्ट विमानाच्या दाराची. दारातून निघताना पंख मिटलेले हवेत. उत्साहाच्या भरात लगेच पसरले तर माणूस वर उचलला जातो आणि विमानाच्या शेपटीवर आपटू शकतो. एक-दोन अंक मोजायचे, विमान पुढे गेलं की मग हळूहळू पंख उघडायचे. विंगसूटवाले साधारणपणे सगळ्यांच्या शेवटी उतरतात. मग कुठे वळायचं, किती जायचं, परत कसं यायचं हे कोचबरोबर जमिनीवरच नकाशा पाहून ठरवलेलं असावं. दुसऱ्यांच्या उघडलेल्या पॅराशूटांच्या रांगेवरून पंख घेऊन जाणं म्हणजे शेख मोहम्मद बिन झायेद रोडवर उलट्या दिशेने गाडी घालणं.

सहावी गोष्ट उंचीची. दोनशे साध्या उड्यांनी अंगात एक घड्याळ बसलेलं असतं. विंगसूटमध्ये ते घड्याळ चुकतं, कारण खाली येणं मंद झालेलं असतं आणि मन दिशा शोधण्यात गुंतलेलं असतं. दर काही सेकंदांनी अल्टिमीटर बघायचा, आणि कानात वाजणारा दुसराही असावा. पहिल्या उड्डाणात वाटेत दोन-तीनदा नुसता मुठीपर्यंत हात नेण्याचा सराव करायचा. पॅराशूट सुमारे ५,५०० फुटांवर, म्हणजे नेहमीपेक्षा बरंच वर उघडायचं. उघडताना दोन्ही हात एकदम, सारखे मागे न्यायचे. एकच हात गेला की अंग कलतं. गिरकी लागली तर पंख मिटून घ्यायचे, अंग कमानीत आणायचं, आणि दोन-चार सेकंदांत सावरलं नाही तर झगडत न बसता पॅराशूट उघडायचं. ते उघडल्यावर आधी ते नीट आहे का आणि आजूबाजूला कुणी आहे का ते बघायचं, मग हातांच्या चेन, मग पायांची. जमीन जवळ आली तर अडकलेली चेन सोडून द्यायची आणि उतरण्याकडे लक्ष द्यायचं. पहिल्या काही उड्डाणांत हेल्मेटवर कॅमेरा नको. फोटो नंतर पुष्कळ निघतील.

इथे वहिनींनी मध्येच विचारलं, "पण ते आपोआप उघडणारं यंत्र असतं ना त्यात? तो सारखं तेच सांगतो मला." असतं. ठरावीक उंचीच्या खाली माणूस फार वेगाने येत असला, तर ते राखीव पॅराशूट उघडतं. नेहमीच्या यंत्रात हा वेग ताशी सुमारे १२५ किलोमीटर असतो. पण विंगसूटमध्ये माणूस त्याहून सावकाश खाली येतो! पंख पसरलेल्या, पण भान हरपलेल्या माणसाला यंत्र संकटात आहे असं समजणारच नाही. यंत्र बसवलेलं असावंच, पण त्याच्या भरवशावर राहू नये. हे ऐकून चिरंजीव जरा गप्प झाले.

मग त्याने हुकमाचं पान काढलं. "काका, पुण्याच्या शीतल महाजननी तर आयुष्यातली पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारली!" खरं आहे. २००४ साली त्यांनी ती मारली, २००६ साली दक्षिण ध्रुवावर, २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून त्या विमानातून उतरल्या. आम्हाला त्यांचा अभिमान आहेच. पण बाबा रे, त्यांनी पहिल्याच उडीला पंख लावले नव्हते. आणि आपल्याच वाळवंटावर जेटच्या पंखांनी उडणारा व्हिन्स रेफे, बुर्ज खलिफाच्या टोकावरून उडी मारलेला, हजारो उड्यांचा धनी, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये इथेच सराव करताना गेला. ते साधन वेगळं होतं, पण आकाश कुणाची ज्येष्ठता बघत नाही.

आईबापांनाही एक विनंती. नुसतं 'नको' म्हटलं की मुलं सांगायची बंद होतात, आणि मग आपल्याला फोटो पाहूनच कळतं. त्यापेक्षा विचारा: कोच कोण? सूट कुणाचा? पॅराशूट कुठलं? किती उंचीवर उघडणार? आणि विम्याचे कागद काढून वाचा. साहसी खेळ वगळल्याचं कलम पुष्कळ पॉलिशांत बारीक अक्षरात असतं.

तर निकाल असा लागला की बेत रद्द नाही, पुढे ढकलला. चिरंजीव आधी मोठ्या पॅराशूटवर काही उड्या मारणार, मग कोर्स, मग शिकाऊ सूट. वहिनी त्या दिवशी तळावर सावलीत बसणार म्हणतात, डबा घेऊन. आणि तोपर्यंत प्रत्येक सुट्टीच्या पहाटे आमच्या भिंतीपलीकडून, दार लागण्याआधी, त्यांचा आवाज येतो, "पायाचे पट्टे कोण बघणार रे तुझे?"

उत्तर येतं, तेव्हाच दार लागतं.

कळावे. लोभ आहेच, तो वाढावा.