निरोप कसले देता, पर्याय द्या!

मंडळी, गाडी बंद व्हायला आली की आपल्याला तिचा पुळका येतो. इतवारी-नागभीड नॅरोगेज, 1908 सालची, 106 किलोमीटर. नोव्हेंबर 2019 मध्ये ब्रॉडगेजसाठी ती बंद झाली. शेवटच्या दिवसांत मीही बसलो होतो. डब्यात कॅमेरेवाले बरेच, "बालपण गेलं हो" म्हणणारे. उमरेड-भिवापूरची रोजची माणसं मात्र गप्प. त्यांचं बालपण नव्हे, उद्याचं स्वस्त तिकीट जात होतं.

माझं भांडण ब्रॉडगेजशी नाहीच. नागभीडला गोंदिया-चांदाफोर्ट लाइन मिळते, आणि त्याच लाइनवर गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा आहे. म्हणजे मोठी गाडी हवीच. भांडण आहे ते क्रमाशी. आम्ही आयटीवाले नवी सिस्टिम चालू झाल्याशिवाय जुनीचा प्लग काढत नाही. काढावाच लागला, तर मधल्या काळात काय चालवायचं ते आधी ठरवतो.

कोणी म्हणेल, नवे रूळ त्याच जागी टाकायचे, मग जुनी गाडी चालवणार कुठून? मान्य. मग टप्प्याटप्प्याने बंद करा ना! आणि तोवर रेल्वेच्याच भाड्यात एसटी सोडा. इथे पाच वर्षं उलटली तरी नागभीडहून नागपूरला थेट मोठी गाडी सुरू झाली नव्हती. आठवीतली पोरगी तेवढ्यात कॉलेजात गेली.

असो. हार घाला, फोटो काढा, जरूर काढा. फक्त त्याआधी एक प्रश्न विचारा: उद्या सकाळी ही माणसं कशाने जाणार?