क्यूब फोडणाऱ्यांचे डोळे

मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी कोसळला आणि चौघांचा जीव गेला. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात ब्रिटिशकालीन पूल एसटी गाड्यांसह वाहून गेला होता. अशी दुर्घटना घडली की राज्यभरातल्या पुलांच्या ‘स्ट्रक्चरल ऑडिट’चे आदेश निघतात. जुन्या काँक्रीटमधून नमुने काढा, सळया तपासा, नव्या कामाच्या चाचण्या काटेकोर करा, असे सांगितले जाते. ते योग्यच आहे. पण हे तपासायचे कोणी, कोणत्या यंत्रावर आणि त्या यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न त्या आदेशात कधी नसतो.

हे काम मोठ्या पुलांपुरतेच नाही. बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातल्या लोणी भापकरचे उदाहरण घ्या. तिथले मल्लिकार्जुन मंदिर आणि शेजारची पुष्करणी ज्यांनी उभी केली त्यांनी दगड वाजवून, डोळ्यांनी पाहूनच निवडला असेल. आज त्याच गावात शाळेची खोली किंवा पाण्याची टाकी बांधायची तर पारख यंत्रावर होते. भारतीय मानक ४५६ नुसार १ ते ५ घनमीटर काँक्रीटमागे एक नमुना आणि ६ ते १५ घनमीटरमागे दोन नमुने घ्यायचे असतात. एका नमुन्याचे तीन क्यूब. हजार चौरस फुटांच्या साध्या स्लॅबला साधारण १२ घनमीटर काँक्रीट लागते, म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीसाठी सहा क्यूब. सात दिवसांचा अंदाज हवा असेल तर आणखी. गावोगावची घरे, मोऱ्या, बंधारे, शिवाय पाटस-बारामती-इंदापूर असा जाणारा पालखी महामार्ग, या साऱ्यांचा हिशेब मांडला तर किती क्यूब कुठल्या तरी खोलीत फुटले असतील याची कल्पना येते.

क्यूब म्हणजे १५ सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा, आठ किलोंहून थोडा जड ठोकळा. ‘एम २०’ दर्जाच्या काँक्रीटने प्रत्येक चौरस मिलिमीटरवर किमान २० न्यूटन भार सोसायला हवा. ठोकळ्याच्या एका बाजूचे क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर, तेव्हा एकूण भार ४५० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ४६ टन. उसाने गच्च भरलेले जवळपास दोन ट्रक त्या ओंजळभर ठोकळ्यावर उभे केल्यासारखे. उंच इमारतींच्या ‘एम ६०’ काँक्रीटला हाच आकडा १३७ टनांच्या पुढे जातो. हा भार देणाऱ्या यंत्राला साइटवर ‘सीटीएम’ म्हणतात. गावाकडच्या प्रयोगशाळांत ते एका कोपऱ्यात, पंपाशेजारी उभे असते आणि दिसायला फारच निरुपद्रवी वाटते.

ठोकळा फुटतो तेव्हा नेमके काय होते, हे कळले की धोका कळतो. नीट बसवलेला क्यूब फुटला की त्याच्या चारही बाजूंच्या कपच्या निघतात आणि मध्ये डमरूसारखा आकार उरतो. वरच्या-खालच्या पोलादी पट्ट्यांच्या घर्षणाने टोके धरून ठेवली जातात, कंबर मात्र बाहेर फुगते, म्हणून हा आकार. इथवर ठीक. पण भार वाढत असताना केवळ काँक्रीट दबत नसते. यंत्राची चौकटही किंचित ताणली जाते, ताणलेल्या स्प्रिंगसारखी ऊर्जा तिच्यात साठते. क्यूबने शेवटचा श्वास सोडला की ती सगळी ऊर्जा एका क्षणात मोकळी होते आणि कपच्या उडवते. काँक्रीट जितके भक्कम, तितका हा स्फोट मोठा. चौकट जितकी हलकी आणि लवचिक, तितकाही मोठा. स्वस्तातले यंत्र घेऊन त्यावर ‘एम ५०’चे क्यूब फोडणे हे दुहेरी संकट आहे.

आणि नेमक्या याच वेळी माणूस वाकून पाहत असतो. पहिली भेग कुठे पडते, काटा कुठे थांबतो, हे पाहायची सवय प्रत्येकाला लागते. यंत्रापुढची जाळी किंवा पारदर्शक दरवाजा त्यात अडथळा वाटतो. दिवसाला पन्नास क्यूब फोडायचे तर प्रत्येक वेळी दरवाजा उघडणे-लावणे जिवावर येते. मग जाळी भिंतीला टेकवून ठेवली जाते, चष्मा खुंटीला लटकतो. वर्षभर काही होत नाही. म्हणून पुढल्या वर्षीही तसेच चालते. एक कपची डोळ्यात गेली की बुबुळाला इजा व्हायला पापणी मिटण्याइतकाही वेळ लागत नाही.

यात एक गोष्ट अशी आहे की जी ठेकेदारांनी आणि अभियंत्यांनी सुरक्षेच्या नावाने नाही, तर निकालाच्या काळजीने तरी ध्यानात घ्यावी. यंत्र धोक्याचे करणारी प्रत्येक चूक आकडाही बिघडवते. मानकाप्रमाणे भार मिनिटाला दर चौरस मिलिमीटरमागे १४ न्यूटन या वेगाने वाढवायचा असतो, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या क्यूबवर दर सेकंदाला साधारण अर्धा टन. ‘एम २०’चा क्यूब फुटायला त्यामुळे दीड-दोन मिनिटे लागायला हवीत. घाईत भार भराभर चढवला तर काँक्रीट प्रत्यक्षाहून भक्कम भासते, कारण भेगांना पसरायला वेळ मिळत नाही. कपच्याही अधिक जोरात उडतात. क्यूब मध्यावर न ठेवता तिरका ठेवला, पट्टीवर आधीच्या क्यूबची वाळू तशीच राहिली, किंवा थापीने सपाट केलेली खडबडीत बाजू बाजूला न ठेवता वर-खाली ठेवली, तर भार एका कोपऱ्यावर एकवटतो. चांगले काँक्रीट नापास होते आणि तोच कोपरा गोळीसारखा सुटतो. नापास होणारे चांगले काम आणि पास होणारे कच्चे काम, दोन्हींचा उगम त्याच खोलीत असू शकतो.

सळईच्या चाचणीचेही असेच. १६ मिलिमीटरची ‘एफई ५०० डी’ सळई तुटेपर्यंत ओढायला साडेअकरा टनांचा ताण लागतो. तुटताना बंदुकीच्या बाराइतका आवाज होतो, पृष्ठभागावरचे पापुद्रे उडतात, टोके उसळतात. जबड्यात सळई घट्ट बसली की नाही हे बोटाने चाचपणे ही या कामातली सर्वांत महागडी खोड. लांबी मोजायचे नाजूक उपकरण सळई तुटण्याआधी काढायचे असते. ते कधी काढायचे हे ठरलेले नसेल, तर माणूस शेवटच्या क्षणी हात पुढे करतो.

मोठा आवाज करणारे धोके निदान जाणवतात. न जाणवणारे अधिक आहेत. ओले काँक्रीट आणि क्युरिंगच्या टाकीतले पाणी तीव्र अल्कधर्मी असते. उघड्या हातांनी रोज क्यूब भरणाऱ्याची कातडी आधी कोरडी पडते, मग फाटते. सिमेंटमधल्या क्रोमियमची ॲलर्जी एकदा जडली की ती सहसा आयुष्यभर सोबत राहते. खडीची झीज तपासणाऱ्या लॉस एंजेलिस यंत्राचे पिंप लोखंडी गोळ्यांसह ५०० फेरे घेते. त्याचा आवाज बंद खोलीत घुमतो आणि झाकण उघडले की बारीक धूळ उठते. धुळीबाबत एक दिलासा आहे खरा. दख्खनच्या काळ्या पाषाणात मोकळी सिलिका कमी असते, त्यामुळे क्वार्ट्झयुक्त दगड फोडणाऱ्या प्रदेशांइतका सिलिकॉसिसचा धोका इथे नाही. पण बाहेरून आलेली वाळू, ग्रॅनाइट, फरशी यांचे नमुने त्याच खोलीत कापले जातात आणि फुफ्फुसात गेलेली धूळ परत येत नाही. शिवाय सिलिकॉसिसचा खोकला टीबीचा समजून औषधे चालू राहण्याचा प्रकार आपल्याकडे जुनाच आहे. कोरड्या झाडूने खोली झाडण्याऐवजी फरशी आधी ओली करणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

डांबराची चाचणी आणखी कपटी. रस्त्याच्या मिश्रणात डांबर किती आहे हे पाहायला ते द्रावकाने धुऊन काढतात. त्यासाठी बेंझीन वापरण्याची पद्धत पाठ्यपुस्तकांतून चालत आली आहे. बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे आणि त्याच्या जागी येणारे ट्रायक्लोरोइथिलीनही कर्करोगकारकांच्या पहिल्याच गटात आहे. दारे-खिडक्या लावून, पंखा बंद ठेवून हे करणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. डांबर भट्टीत जाळून वजनातल्या फरकावरून प्रमाण काढण्याची पद्धत उपलब्ध आहे. ती भट्टी विकत घेणे मोठ्या रस्त्याच्या कामाच्या खर्चात दिसूनही येणार नाही.

याच परिसरात दुसरे टोकही आहे. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला साखर कारखान्यांच्या यंत्रांपासून इस्रोच्या प्रक्षेपकांच्या मोटारींच्या आवरणांपर्यंत जड वस्तू घडल्या. दाब सोसणाऱ्या अशा वस्तू तपासायला जगभर शक्यतो पाणी वापरतात, हवा नाही. कारण साधे गणित. हजार लिटरच्या टाकीत १० बार दाबाने पाणी भरले तर त्यात साठणारी ऊर्जा एक क्यूब तीन मीटरवरून पडण्याइतकी असते. तेवढ्याच दाबाची हवा भरली तर ती काही हजार पटींनी वाढते, सुमारे ३०० ग्रॅम टीएनटीइतकी होते. पाण्याने भरलेली टाकी फुटली की गळते, हवेने भरलेली उडते. विहिरीपासून शेतापर्यंत पीव्हीसी पाइपलाइन टाकल्यावर ती कॉम्प्रेसरने ‘चेक’ करायचा विचार ज्याच्या मनात येतो, त्याने एवढे गणित तरी करावे. पाणी भरा, आतली हवा आधी निघू द्या, मग दाब वाढवा.

वेल्डिंगचे दोष पाहायला इरिडियम-१९२ चा किरणोत्सारी स्रोत वापरला जातो. तिथे मात्र अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम कडक आहेत. प्रशिक्षित आणि प्रमाणित माणूस, छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला, दोरी बांधून आखलेले क्षेत्र, प्रत्येक स्रोताची नोंद. न दिसणाऱ्या किरणांची भीती वाटते, म्हणून त्यांच्यासाठी कायदा झाला. रोज डोळ्यांसमोर फुटणाऱ्या क्यूबची भीती वाटत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

कायद्यात त्यासाठी काहीच नाही असे नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्याचे कलम २१ यंत्राला कुंपण घालायला सांगत असे, कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणाचे होते. पण वीज वापरणाऱ्या ठिकाणी किमान दहा कामगार असतील तरच तो कायदा लागू होत असे, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेने कारखान्यासाठी हा आकडा वीसवर नेला. तीन-चार जणांची खासगी प्रयोगशाळा, किंवा ठेकेदाराने साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत मांडलेली प्रयोगशाळा, या मोजणीत सहज निसटते. प्रयोगशाळांना मान्यता ज्या आयएसओ १७०२५ मानकानुसार मिळते, ते निकालाच्या विश्वासार्हतेसाठी आहे. सुरक्षेच्या अटी आपल्या कक्षेत येत नाहीत, असे त्याच्या २००५ च्या आवृत्तीत स्पष्टच लिहिले होते. भिंतीवरचे मान्यतेचे प्रमाणपत्र पाहून आतला मुलगा सुरक्षित आहे असे समजणे चुकीचे आहे. हा मुलगा बहुतेक वेळा डिप्लोमा किंवा आयटीआय करून नुकताच आलेला असतो आणि यंत्र त्याला आधीच्या मुलाने शिकवलेले असते.

कामे देणारी खाती इथे बरेच काही करू शकतात, आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायला नको. सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद यांच्या निविदांत चाचण्यांची यादी असतेच. दरवाजा उघडा असताना पंप सुरूच होणार नाही अशी कळ असलेल्या यंत्रावरच चाचणी मान्य होईल, ही एक ओळ त्यात घालता येते. अशी कळ बसवायला यंत्राच्या किमतीच्या मानाने किरकोळ खर्च येतो. अहवालात भाराचा वेग लिहिण्याची सक्ती केली तर घाई आपोआप उघडी पडेल. अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना क्यूब फोडून दाखवतात, तेव्हा पंधरा जणांचा घोळका यंत्राभोवती उभा न करता जाळीमागून दाखवला, तर तीच सवय पुढे साइटवर जाईल.

एक इजा मात्र डॉक्टरांनाही ठाऊक असायला हवी. सीटीएमच्या पाइपांत तेलाचा दाब शेकडो बार असतो. मोटारीच्या टायरमध्ये तो दोन-अडीच बार असतो. पाइपला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले आणि गळती कुठे आहे हे बोटाने शोधले, तर तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर काटा टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही फारसे नाही. माणूस कामाला लागतो. आत मात्र तेल बोटाच्या नळीतून तळहातापर्यंत पसरलेले असते आणि काही तासांत हात सुजतो, रक्तपुरवठा थांबतो. वेळेत शस्त्रक्रिया करून तेल काढले नाही तर बोट किंवा हात गमवावा लागतो. म्हणून गळती पुठ्ठ्याच्या तुकड्याने शोधायची, तीही पंप बंद करून दाब सोडल्यावर पाइप तपासल्यानंतरच. तरीही ठिपका उठलाच तर मलम लावून सकाळची वाट पाहू नये. लोणी भापकरच्या माणसाने थेट बारामतीच्या शासकीय रुग्णालयात जावे, जाताना पंपावरच्या तेलाच्या डब्याचे नाव टिपून न्यावे आणि तिथे ‘काटा लागला’ असे न सांगता ‘दाबाचे तेल आत गेले आहे’ असे सांगावे.