अंड्यातून थेट खेकडा

आमच्या पलूसच्या विहारात रविवारी वंदना झाली की मुलांचा अभ्यास घेतला जातो. मध्यंतरी एका रविवारी सायन्सला शिकणारी वस्तीतली एक मुलगी कोपऱ्यात गप्प बसून होती. विचारले तर डोळ्यांत पाणी. प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत प्रश्न आला होता, खेकड्याच्या अंड्यातून काय बाहेर पडते? तिने उत्तर दिले, "खेकडा." परीक्षक हसले आणि वर ऐकवले, "नुसते खेकडे खाऊन शास्त्र येत नसतं, पुस्तकही उघडावं लागतं." वर्ग खदखदला. "काका, मी ओढ्यावर डोळ्यांनी बघितलंय हो," एवढेच ती म्हणाली.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. जमाखर्च विचारा, सांगू. प्राणिशास्त्राशी आमचा संबंध रश्श्यापुरता. पण पोरीचा गुण गेला याहून तिच्या ताटाचा उद्धार झाला हे आम्हाला जास्त लागले. पुस्तके मिळवली, दोन जाणत्या प्राध्यापकांना गाठले, आणि जे कळले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

पुस्तकातले चित्र खोटे नाही, हे आधी सांगतो. समुद्राच्या खेकड्याच्या, म्हणजे कोकणातल्या चिंबोरीसारख्या खेकड्याच्या अंड्यातून जे बाहेर पडते त्याला बघून कुणी खेकडा म्हणणार नाही. त्याचे नाव झोइया. लांबी सुमारे एक मिलिमीटर, अंग काचेसारखे पारदर्शक, इतके की भिंगाखाली पाठीच्या कवचाआडून काळीज धडधडताना दिसते. कवचावर एक लांब काटा पाठीतून वर उभा, दुसरा कपाळातून खाली आलेला, बऱ्याच जातींत दोन्ही बाजूंना आणखी एकेक. या काट्यांमुळे बारक्या माशाला तो गिळता येत नाही आणि पाण्यात पटकन बुडतही नाही. डोळे अंगाच्या मानाने भलेमोठे, आणि पहिल्या अवस्थेत ते डोक्यालाच चिकटलेले असतात. मोठ्या खेकड्यासारखे दांडीवरचे, फिरणारे डोळे कात टाकल्यानंतर येतात.

सगळ्यात नवलाची गोष्ट पायांची. नांग्या नाहीत, चालायचे पाय नाहीत. मोठ्या खेकड्याच्या तोंडाशी घास सावरायला जे जोडपाय असतात, त्यांतल्याच पहिल्या दोन जोड्या इथे वल्ह्याचे काम करतात. त्यांच्या टोकाला पिसासारखे केस असतात. पहिल्या अवस्थेत बहुधा चार, आणि प्रत्येक काती­नंतर ते वाढत जातात, म्हणून केस मोजून पिल्लू कितव्या अवस्थेत आहे हे जाणकार सांगतात. मागे बारीक, कोळंबीसारखी मणक्यामणक्यांची शेपटी, तिचे टोक दुभंगलेले. अशा पाच अवस्था चिंबोरीचे पिल्लू पार करते. मग मेगालोपा नावाचे दुसरेच रूप येते. त्याला नांग्या असतात, चालायचे पाय असतात, पण शेपटी अजून मागे ताठ आणि तिच्याखालच्या पायांनी ते पोहते. त्यानंतर एकदा कात टाकली की शेपटी पोटाखाली दुमडली जाते आणि खेकडा तयार होतो. चिंबोरी अंडी घालते ती लाखांनी, आणि त्यातले फार थोडे इथवर पोहोचतात.

आता आपला ओढा. पलूस, भिलवडी, आमणापूर या पट्ट्यात बांधाला आणि काठाला बिळे करून राहणारा खेकडा वेगळ्या कुळातला, गोड्या पाण्याचा. याची अंडी थोडी, शेकड्यांत मोजण्याइतकी, पण दाणा मोठा आणि आत पिवळ्या बलकाची भरपूर शिदोरी. काटे, वल्ही, शेपटी हा सगळा संसार अंड्याच्या आतच उरकतो, आणि बाहेर पडतो तो नांग्यांसकट पुरा खेकडा, ज्वारीच्या दाण्याएवढा. झोइया नाही की मेगालोपा नाही. कारणही साधे आहे. काचेसारखे तरंगते पिल्लू भिलवडीच्या धक्क्याशी कृष्णेत सोडले तर वाहत्या पाण्यापुढे त्याची वल्ही काय टिकणार? ते अलमट्टीकडे, तिथून थेट आंध्रच्या समुद्राकडे निघाले असते. म्हणून आई त्यांना सोडतच नाही. मादीच्या पोटाखालची दुमडलेली शेपटी रुंद असते, नराची चिंचोळी. त्या रुंद शेपटीच्या झोळीत आधी अंडी, मग पिल्ले काही आठवडे राहतात. पोरीने पावसाळ्याच्या तोंडाला जे पाहिले ते हेच.

म्हणजे तिचे उत्तर चुकले नव्हते. प्रश्न कुठल्या खेकड्याचा, हे विचारणाऱ्याने सांगायला हवे होते.

आणि गंमत पाहा, या एका उत्तरावरून विलायतेत मोठे विद्वान भांडले आहेत. झोइया हा वेगळाच प्राणी समजून १८०२ साली बॉस्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला ते नाव दिले होते. मेगालोपालाही असेच स्वतंत्र प्राणी म्हणून नाव मिळाले. आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरावर जॉन व्हॉन थॉम्पसन नावाचा फौजेचा डॉक्टर होता. त्याने खेकडीची अंडी राखून त्यातून झोइया निघताना पाहिला आणि १८२८ साली ते छापले. विद्वानांना पटेना. जर्मनीतल्या राथके याने नदीतल्या शेवंड्यासारख्या प्राण्याची अंडी पाहिली होती, त्यात रूपांतर नव्हते. वेस्टवूड या इंग्रजाने वेस्ट इंडीजमधल्या, जमिनीवर राहणाऱ्या खेकड्याची पिल्ले तपासली. तीही थेट खेकडाच. त्याने १८३५ साली रॉयल सोसायटीच्या ग्रंथात थॉम्पसनचे म्हणणे खोडून काढले. दोघांनीही पाहिले ते खरे होते. पण आपण पाहिला तोच खेकडा जगभर, असे वेस्टवूडने धरले, तिथे तो चुकला. आमच्या पोरीचे उत्तर वेस्टवूडचे, परीक्षकांचे थॉम्पसनचे. फरक इतकाच की वेस्टवूडला कुणी तो काय खातो हे विचारले नाही.

पुढचे तर आम्हालाही वाचून खरे वाटेना. कर्नल साईक्स या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने दख्खनमध्ये बिळात राहणारा खेकडा पाहिला होता. त्याला शास्त्रीय नाव १८३६ साली दिले ते याच वेस्टवूडने. आज तो बॅरीटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस म्हणून ओळखला जातो, आणि पश्चिम महाराष्ट्रात सर्रास सापडतो.

खेकड्याच्या नावावर माणसे काहीही खपवतात. आमची आजी सांगायची, पिल्ले आईचे पोट फाडून बाहेर येतात आणि ती मरते. तसे काही नसते, झोळी रिकामी झाली की खेकडी आपल्या वाटेने जाते. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, माणसे वाहून गेली, तेव्हा मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर टाकला होता. आपल्या सभांतूनही टोपलीतल्या खेकड्यांची गोष्ट सांगून समाजाला पाय ओढणारा म्हणायची रीत आहे. ती आम्ही स्वतः व्यासपीठावरून दोनदा तरी सांगितली आहे. महिनाभर पिल्ले पोटाशी धरून बसणारी खेकडी पाहिल्यावर पुन्हा सांगणे होणार नाही.

पहिल्या पावसात पोरे बॅटरी घेऊन ओढ्यावर जातील. खेकडा हाती आला की उलटा करून पाहा. शेपटी रुंद असेल तर अलगद उचकटून आत डोकवा. पिल्ले असतील तर तिला तिथेच सोडा, नर भरपूर मिळतात आणि रस्सा त्यांचाही तेवढाच चांगला होतो. विहाराच्या अभ्यासवर्गासाठी आम्ही एक चांगले भिंग घेतले आहे. ते सध्या त्या मुलीकडे आहे. ज्यांना ओढ्यावर जाताना हवे असेल त्यांनी तिच्याकडून न्यावे, आणि काय दिसले ते वहीत तारीख घालून लिहून आणावे.