धरण सुरक्षित, घरांचे काय?

पाटण तालुक्यात जमीन हादरली की काही वेळातच ठरलेला खुलासा येतो : कोयना धरण सुरक्षित आहे, नागरिकांनी घाबरू नये. खुलासा खराच असतो. पण भूकंपात माणूस दगावतो तो बहुधा स्वतःच्या घराखाली, आणि त्या घराची विचारपूस कोणी करत नाही.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगर ६.३ रिश्टरच्या भूकंपाने उद्ध्वस्त झाले. पावणेदोनशेहून अधिक बळी गेले. धरणातील यंत्राने टिपलेला हादरा गुरुत्वाकर्षणाच्या ६३ टक्के होता. आराखड्यात हिशेब धरला होता पाच टक्क्यांचा. धरणाला वरच्या भागात तडे गेले, पण ते टिकले. पुढे त्याला काँक्रीटचा आधार देऊन भक्कम केले गेले. घरांच्या वाट्याला असे काही आले नाही. १९९३मध्ये किल्लारीला जवळपास तेवढ्याच ताकदीच्या भूकंपाने साडेसात हजारांहून अधिक जीव घेतले. तिथे चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली.

घर बांधताना आपण वरचे वजन खाली कसे पोचेल एवढेच पाहतो. भूकंप मात्र आडवा ओढतो. पाया जमिनीबरोबर सरकतो, छप्पर जडत्वामुळे मागे राहते. छप्पर जितके जड, तितका भिंतींवरचा ताण मोठा. कोपरे उकलतात आणि भिंत बाहेर पडते.

हा प्रश्न फक्त पाटणचा नाही. १९९३पासून धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेला वारणेच्या जलाशयाकडे, म्हणजे सांगलीच्या शिराळा तालुक्याच्या वेशीवर पसरले आहे. शिवाय नदीकाठचा गाळ हादरा वाढवतो. २००१च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर उभा होता. कराड, सांगली, मिरजेत कृष्णेकाठी तशाच इमारती उभ्या राहत आहेत. त्यांच्या खांबांतल्या सळया आणि रिंगा नगरपालिका-महापालिकांनी स्लॅब पडण्याआधी जागेवर जाऊन तपासल्या पाहिजेत. कागदावरच्या दाखल्याने खांब भक्कम होत नाही.

गावांत काम याहून सोपे आहे. चौथऱ्यावर, खिडक्या-दारांच्या वर आणि छपराखाली घराला सलग फिरणारी काँक्रीटची पट्टी, भिंतीच्या दोन्ही अंगांना धरणारे लांब दगड आणि हलके छप्पर एवढ्याने बरेच जीव वाचतात. पाटण आणि शिराळ्यातील गवंड्यांना हे प्रशिक्षण द्यावे, जुन्या शाळा आणि आरोग्य केंद्रे आधी मजबूत करावीत. घरकुलाचा हप्ता देताना बांधकामाच्या टप्प्याटप्प्याचा फोटो मागणाऱ्या शासनाला या पट्टीचाही फोटो मागणे जड जाऊ नये.