सोळा मिलिमीटरची फीत

शाळेच्या पटांगणात पांढऱ्या पडद्यावर सरकारी माहितीपट पाहिल्याचे ज्यांना आठवते, त्यांनी बहुधा १६ मिलिमीटरचा चित्रपट पाहिला आहे. थिएटरातली फीत ३५ मिलिमीटर रुंद. ही तिच्या निम्म्याहूनही कमी.

ती अरुंद झाल्याने खर्च तर वाचलाच, पण त्याहून मोठा प्रश्न आगीचा होता. त्या काळी थिएटरची फीत नायट्रेटची असे. ती एकदा भडकली की पाण्यातसुद्धा जळत राहते. ती घरात किंवा वर्गात चालवणे म्हणजे जिवाशी खेळ! अमेरिकेतील कोडॅक कंपनीने १९२३ साली १६ मि.मी.ची फीत आणली, ती सहज पेट न घेणाऱ्या ॲसिटेटची. ३५ची फीत मधोमध चिरली तर साडेसतरा होते, सोळा नव्हे. त्यामुळे नायट्रेटची फीत चिरून या यंत्रात घालण्याची सोयच उरली नाही. पुढे १९३२ साली ८ मि.मी. आणि १९६५ साली 'सुपर एट' ही घरगुती फीत आली.

यंत्राचे काम साधे आहे. फितीच्या कडेच्या भोकांत एक आकडा अडकतो आणि एकेक चित्र दिव्यासमोर ओढतो. चित्र सरकताना झडप प्रकाश अडवते. बोलपटात सेकंदाला अशी २४ चित्रे जातात. ४०० फुटांचे रीळ ११ मिनिटांत संपते.

न पेटणारी ही फीत दमट, उष्ण हवेत मात्र आतून कुजते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर कुजणे सुरू झाले असे समजावे. त्या वाफेने शेजारची रिळेही लवकर बिघडतात. फीत आक्रसते, भोके आकड्याशी जुळत नाहीत आणि यंत्रावर चढवताच ती फाटते.

कुणाच्या पेटीत, मंडळाच्या कपाटात लग्नाचे, मिरवणुकीचे, सभेचे जुने रीळ असेल, तर हौसेने जुन्या प्रोजेक्टरवर लावू नका. वास येणारे रीळ वेगळे ठेवा. बाकीची थंड, कोरड्या जागी ठेवा. माळ्यावर पत्र्याखाली नको. जाणकाराकडून एकेक चित्र स्कॅन करून घ्या आणि मूळ फीतही जपा. पडद्यावर कोण कोण दिसते, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा. फितीवर चेहरे उमटतात, नावे उमटत नाहीत.